मोठ्या मजकुरासाठी रोप: पहिल्यांदा वापरणाऱ्यांना हाताशी धरून

साध्या स्ट्रिंगमध्ये मजकूर मेमरीत सलग मांडलेला असतो. मध्येच एखादं अक्षर घालायचं, तर त्याच्या पुढचं सगळं सरकवून जागा करावी लागते. शंभर अक्षरांच्या वाक्यात हे जाणवतही नाही. पण पाचशे एमबीच्या फाइलच्या पहिल्या ओळीत कर्सर ठेवून टाइप करायला लागलात, तर दाबलेल्या प्रत्येक कळीमागे पाचशे एमबी हलतात. जावा, पायथन, जावास्क्रिप्ट अशा भाषांत तर स्ट्रिंग जागच्या जागी बदलताच येत नाही, त्यामुळे तिथे दर वेळी अख्खी नवी प्रत तयार होते.

यावरचा उपाय जुना आहे. मजकुराचे छोटे तुकडे करायचे आणि ते एका झाडाच्या (ट्री या डेटा रचनेच्या) पानांवर ठेवायचे. या रचनेला रोप म्हणतात. इंग्रजीत स्ट्रिंग म्हणजे दोरा, म्हणून त्याहून दणकट तो दोरखंड, असं ते नाव आलं. मराठीत रोप म्हणजे कोवळं झाड, आणि योगायोगाने तोही अर्थ इथे चपखल बसतो. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या सीडार भाषेत मजकुरासाठी हीच रचना वापरात होती. हान्स बोम, रस ॲटकिन्सन आणि मायकेल प्लास यांनी १९९५ साली तिच्यावर निबंध लिहिला. आजही रोपचा अभ्यास करायचा तर सुरुवात तिथूनच होते.

पुढच्या पायऱ्या मी रस्ट भाषेतली रोपी ही लायब्ररी समोर ठेवून लिहिल्या आहेत, कारण तिची कागदपत्रं स्वच्छ आहेत आणि हेलिक्स हा एडिटर तिच्यावरच चालतो. तुमची भाषा दुसरी असली तरी क्रम हाच ठेवा. फंक्शनची नावं तेवढी बदलतील.

पायरी १: खरंच गरज आहे का, ते मोजा

ही पायरी लोक गाळतात आणि मग उगाच अवघड कोड सांभाळत बसतात. आजचे संगणक मेमरीतला सलग डेटा फार वेगाने हलवतात. सेकंदाला साधारण १० जीबी हा ढोबळ अंदाज धरायला हरकत नाही. म्हणजे १० एमबीच्या मजकुरात अगदी सुरुवातीला एक अक्षर घातलं, तर लागतो एक मिलिसेकंद. माणूस टाइप करत असेल तर त्याला ते कळणारही नाही. पण त्याच मजकुरात एखाद्या प्रोग्रॅमने ठिकठिकाणी एक लाख बदल केले, तर दर वेळी सरासरी अर्धा मजकूर हलतो आणि पन्नासेक सेकंद जातात. दोन्हीकडे मजकूर तेवढाच आहे, फरक आहे तो बदलांच्या संख्येचा आणि ते कुठे होतात याचा.

एकाच जागी सलग टाइपिंग होणार असेल, तर गॅप बफर नावाची त्याहून सोपी रचना पुरते. त्यात कर्सरपाशी रिकामी जागा राखून ठेवलेली असते. ईमॅक्स हा एडिटर आजही त्यावरच चालतो. मजकूर फक्त शेवटाला जोडत जायचा असेल, तर तुमच्या भाषेतला स्ट्रिंग बिल्डर वापरा. मजकूर दोन-चार केबीचाच असेल, तर रोप उलट जास्त मेमरी खाईल. आणि फाइल मेमरीत मावतच नसेल, तर नुसत्या रोपने तो प्रश्न सुटत नाही.

रोप कामाला येतं ते मोठा मजकूर, विखुरलेले बदल आणि मधल्या अवस्था जपून ठेवायची गरज, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर. एडिटर हे त्याचं सरळ उदाहरण. व्हीएस कोडमध्ये पूर्वी प्रत्येक ओळ हा वेगळा ऑब्जेक्ट होता. एका वापरकर्त्याची ३५ एमबीची फाइल त्यात उघडेना, कारण तिच्यात १ कोटी ३७ लाख ओळी होत्या आणि नुसत्या ओळींच्या यादीलाच ६०० एमबीच्या आसपास मेमरी लागत होती. २०१८ मध्ये त्यांनी ती मांडणी सोडून पीस ट्री घेतला. तो रोपच्याच नात्यातला: तुकड्यांची नोंद एका समतोल झाडात ठेवणारा.

पायरी २: झाड कागदावर काढा

लायब्ररी उघडण्याआधी वही घ्या. ही दहा मिनिटं वाचवू नका, पुढचं सगळं इथे कळतं.

«झाडावर पक्षी बसला» हे वाक्य तीन पानांवर ठेवू. पहिलं पान «झाडावर» आणि एक स्पेस, दुसरं «पक्षी» आणि एक स्पेस, तिसरं «बसला». लांबी युनिकोड कोड पॉइंटमध्ये (युनिकोडने प्रत्येक खुणेला दिलेल्या क्रमांकांत) मोजू, म्हणजे काना, वेलांटी, हलन्त यांचीही स्वतंत्र गणती. पहिल्या पानाची लांबी येते ७, दुसऱ्याची ६ (प, क, हलन्त, ष, दीर्घ वेलांटी, स्पेस) आणि तिसऱ्याची ४.

आता पहिली दोन पानं एका नोडखाली, म्हणजे फांद्या फुटतात त्या सांध्याखाली आणा. तो नोड डावीकडे आणि तिसरं पान उजवीकडे ठेवून वर मूळ काढा. प्रत्येक आतल्या नोडवर एकच आकडा लिहायचा: आपल्या डाव्या बाजूला एकूण किती लांबीचा मजकूर आहे. मुळावर येईल १३, खालच्या नोडवर ७. या आकड्याला वजन म्हणतात.

जागा क्रमांक १५ वर काय आहे, ते शोधू. मोजणी शून्यापासून. मुळाशी १५ हा १३ पेक्षा लहान नाही, म्हणून उजवीकडे जायचं आणि १३ वजा करायचे. उरले २. «बसला»मध्ये ० वर ब, १ वर स, २ वर ल. सापडलं.

आता जागा ९ घ्या. ९ हा १३ पेक्षा लहान, म्हणून डावीकडे. तिथलं वजन ७, म्हणून उजवीकडे, उरले २. «पक्षी»मध्ये ० वर प, १ वर क, आणि २ वर हलन्त. हाती आलं ते अक्षर नाही, अक्षराचा नुसता मोडलेला पाय आहे. हे लक्षात ठेवा, पायरी ५ मध्ये त्याकडे परत यायचं आहे.

जागा ७ वर «एक» आणि स्पेस घालू. ७ ही नेमकी दोन पानांमधली सीमा, त्यामुळे नवीन पान मध्ये बसतं. «पक्षी»च्या पानाला हातही लागत नाही, «बसला»लाही नाही. बदलतात ते फक्त मुळापासून त्या जागेपर्यंतच्या वाटेवरचे नोड, आणि मुळाचं वजन १३ वरून १६ होतं. घालायची जागा एखाद्या पानाच्या पोटात आली असती, तर तेवढं एक पान फाडून दोन झाली असती. उरलेलं झाड जसंच्या तसं. रोपची सगळी कमाई इथे आहे: कामाचं माप मजकुराच्या लांबीवर ठरत नाही, झाडाच्या उंचीवर ठरतं.

आणि ती उंची फार नसते. १ जीबी मजकूर १ केबीच्या पानांवर ठेवला, तर पानं होतात १०,४८,५७६. प्रत्येक नोडला दोनच फांद्या असतील, तर मुळापासून पानापर्यंत २० पायऱ्या. प्रत्येकी १६ फांद्या असतील, तर ५. म्हणूनच नव्या लायब्रऱ्या दोन फांद्यांचं झाड सोडून बी-ट्रीकडे, म्हणजे अनेक फांद्यांच्या झाडाकडे वळल्या. शिवाय बी-ट्री स्वतःचा समतोल बांधणीतूनच राखतो. दोन फांद्यांच्या जुन्या रोपमध्ये सतत एकाच टोकाला जोडत गेलं, की झाड एका बाजूला लांबत जाऊन त्याची साखळी होते, मग ते मुद्दाम पुन्हा बांधावं लागतं. १९९५ च्या निबंधात त्यासाठी फिबोनाची संख्यांवर बेतलेला नियम आहे: झाडाची खोली n असेल, तर मजकूर निदान (n + २) व्या फिबोनाची संख्येइतका लांब असलाच पाहिजे, नाहीतर ते समतोल नाही.

एक तोटाही याच चित्रात दिसतो. सलग ॲरेमध्ये पंधरावा घटक एका झटक्यात मिळतो, इथे झाड उतरावं लागतं. सुटं एखादं अक्षर शोधायला रोप नेहमीच हळू पडेल.

पायरी ३: लायब्ररी निवडा

शिकण्यासाठी स्वतःचं रोप जरूर लिहा. वापरासाठी लिहू नका. समतोल, युनिकोड आणि पानांच्या सीमा यांचे कोपरे फार आहेत.

रस्टमध्ये रोपी आणि क्रॉप या दोन्ही बी-ट्रीवर बांधलेल्या आहेत. रोपीच्या पहिल्या आवृत्तीत जागा कोड पॉइंटने सांगायची असते, क्रॉपमध्ये बाइटने. सी प्लस प्लसच्या मानक लायब्ररीत रोप नाही, पण जीएनयूच्या लायब्ररीत एसजीआय कंपनीच्या काळापासून चालत आलेला रोप क्लास विस्तार म्हणून मिळतो. जावास्क्रिप्ट लिहिणारे नकळत रोप वापरतच असतात: व्ही८ इंजिन दोन स्ट्रिंग जोडताना, एकूण लांबी १३ किंवा जास्त असेल तर, कॉपी न करता दोघींकडे बोट दाखवणारा एक नोड बनवतं. मात्र त्या स्ट्रिंगमधलं एखादं अक्षर इंडेक्सने मागितलंत, की ती सपाट करून सलग केली जाते. त्यामुळे मोठ्या मजकुराच्या संपादनासाठी त्यावर विसंबता येत नाही.

पायरी ४: फाइल आत घ्या

आधी अख्खी फाइल स्ट्रिंगमध्ये वाचायची आणि मग तिचं रोप करायचं, असं केलं तर काही काळ मेमरीत दोन प्रती राहतात. रोपीमध्ये फ्रॉम रीडर हे फंक्शन फाइलमधून थेट तुकड्यांनी वाचतं. मजकूर तुमच्याच कोडमधून तयार होत असेल, तर रोप बिल्डर घ्या आणि त्यात क्रमाने तुकडे ढकलत जा. रिकाम्या रोपात एकेक अक्षर इन्सर्ट करून मजकूर उभारू नका. झाड दर अक्षराला वरून खाली फिरेल, आणि ते काम पूर्ण टाळता येण्यासारखं आहे.

पायरी ५: जागा कशात मोजणार ते ठरवा

रोप वापरताना येणाऱ्या चुकांपैकी बहुतेकांचं मूळ इथे सापडतं. देवनागरीत लिहिणाऱ्यांना तर हे अधिक जवळचं आहे.

«पक्षी» हा एकच शब्द घ्या. यूटीएफ-८ आणि यूटीएफ-१६ या युनिकोड मजकूर साठवायच्या दोन पद्धती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतली प्रत्येक खूण ३ बाइटची, म्हणून हा शब्द १५ बाइटचा. कोड पॉइंट ५. यूटीएफ-१६ मध्येही एकक ५ च. आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना अक्षरं दिसतात दोन: प आणि क्षी. एकाच शब्दाची चार मापं, तीन वेगळी उत्तरं. अनेक इमोजी कोड पॉइंटमध्ये १ धरले जातात, पण यूटीएफ-१६ मध्ये २ आणि यूटीएफ-८ मध्ये ४. म्हणजे मजकुरात असा एखादा इमोजी आला, की कोड पॉइंट आणि यूटीएफ-१६ यांचा मेळही तुटतो. फक्त इंग्रजी मजकुरावर चाचण्या घेतल्या, तर सगळी मापं सारखीच येतात आणि चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

माझा सल्ला: प्रोग्रॅमच्या आत एकच एकक ठेवा, लायब्ररी जे वापरते तेच. बाहेरून येणारं प्रत्येक माप सीमेवरच बदलून घ्या. रोपीमध्ये बाइटवरून कोड पॉइंट, कोड पॉइंटवरून ओळ, ओळीवरून कोड पॉइंट, यूटीएफ-१६ वरून कोड पॉइंट अशी सगळी रूपांतरं आहेत. झाडाच्या नोडवर एकाऐवजी ही सगळी मापं लिहिलेली असतात, म्हणून प्रत्येक रूपांतर झाडाच्या उंचीइतक्याच पायऱ्यांत होतं. पायरी २ मधलं वजन आठवा. तिथे आपण एकच आकडा लिहिला होता. ओळींची संख्या त्याच्या शेजारी लिहिली, की «ओळ ४०,००० कुठे सुरू होते» याचं उत्तर फाइल न वाचता मिळतं.

लँग्वेज सर्व्हरशी (एडिटरला कोडमधल्या चुका आणि सूचना पुरवणाऱ्या प्रोग्रॅमशी) बोलणारा कोड लिहीत असाल, तर विशेष सावध राहा. त्या प्रोटोकॉलमध्ये जागा मुळात यूटीएफ-१६ एककात येतात. आवृत्ती ३.१७ पासून दोन्ही बाजूंना दुसरं एकक ठरवून घेता येतं, पण दुसरी बाजू ते मान्य करेलच असं नाही.

आणि कर्सर? तो ना बाइटवर हलवायचा, ना कोड पॉइंटवर. उजवा बाण दाबल्यावर कर्सर क आणि हलन्त यांच्या मध्ये जाऊन थांबला, तर वाचणाऱ्याला काहीतरी मोडल्यासारखं वाटतं. त्यासाठी युनिकोडने ग्राफीम क्लस्टरचे, म्हणजे वाचणाऱ्याला एकच अक्षर वाटणाऱ्या खुणांच्या गटाचे नियम दिले आहेत. त्यातही खाच आहे: २०२३ मध्ये युनिकोड १५.१ येईपर्यंत त्या नियमांनी «क्षी»चे दोन क्लस्टर पडत, क् आणि षी. १५.१ मध्ये देवनागरीसह काही लिप्यांची जोडाक्षरं एकत्र ठेवणारा नियम आला. तुमची लायब्ररी कोणत्या आवृत्तीचे नियम पाळते ते तपासा. रोपी स्वतः ग्राफीम ओळखत नाही, त्याला वेगळी लायब्ररी जोडावी लागते. जोडताना अशी घ्या, जिला तुकड्या-तुकड्याने मजकूर देता येतो आणि जी गरज पडल्यास मागचा तुकडा मागते. कारण क् एका पानाच्या शेवटी आणि षी पुढच्या पानाच्या सुरुवातीला, असं घडू शकतं.

ओळींबद्दल दोन गोष्टी. मजकुराच्या शेवटी नवीन ओळीची खूण असेल, तर रोपी त्यानंतरची रिकामी ओळही मोजते, म्हणून आकडा एकाने जास्त वाटतो. आणि ती नेहमीच्या खुणांखेरीज युनिकोडमधल्या इतर ओळभंगाच्या खुणाही ओळखते. दुसऱ्या साधनाशी ओळींचे क्रमांक जुळत नसतील, तर आधी इथे बघा.

पायरी ६: घाला आणि काढा

इन्सर्टला जागा आणि मजकूर द्यायचा, रिमूव्हला सुरुवात आणि शेवट. शेवटची जागा स्वतः वगळली जाते: ७ ते १० म्हणजे ७, ८, ९. मजकूर बदलायचा असेल, तर आधी काढायचं आणि त्याच जागी घालायचं.

एक बदल झाला, की त्याच्या पुढच्या सगळ्या जुन्या जागा चुकीच्या होतात. शोधून सापडलेल्या ५०० ठिकाणी बदल करायचा असेल, तर शेवटाकडून सुरुवातीकडे या. शेवटाकडे केलेल्या बदलाचा त्याच्या आधीच्या जागांवर, म्हणजे जिथे बदल अजून करायचे आहेत त्यांवर, काही परिणाम होत नाही आणि एकही बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही.

जागा मजकुराच्या बाहेरची असेल, तर रोपीची साधी फंक्शनं प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबवतात. बाहेरून आलेल्या जागांसाठी नावाआधी ट्राय लावलेली भावंडं आहेत, ती चूक परत करतात. सीमेवर तीच वापरा.

पायरी ७: वाचताना तुकड्यांनीच वाचा

रोप घेऊनही वेग का मिळाला नाही, या तक्रारीचं कारण बहुधा इथे असतं. कोडमध्ये कुठेतरी रोपची पुन्हा स्ट्रिंग केलेली असते: रंग भरायला, शोधायला, शब्द मोजायला. आणि तेही प्रत्येक कळीला. मग झाडाने वाचवलेलं सगळं त्या एका ओळीत परत जातं. मी स्वतः शब्दगणतीसाठी असंच एकदा केलं होतं आणि दोन दिवस झाडाच्या कोडमध्ये दोष शोधत राहिलो. दोष झाडात नव्हता. तुमच्या कोडमध्ये रोपवरून स्ट्रिंग करणारी प्रत्येक जागा शोधा आणि तिला स्वतःचं समर्थन द्यायला लावा.

त्याऐवजी चंक्स मागा. लायब्ररी एकामागून एक पानांवरचे सलग तुकडे देते, कॉपी न करता. एका ओळीपुरतं काम असेल, तर त्या ओळीचा स्लाइस घ्या, तोही मूळ मजकुराकडे बोट दाखवणारा असतो. शून्य ते लांबी असा लूप चालवून प्रत्येक जागेचं अक्षर इंडेक्सने मागू नका. दर वेळी मुळापासून उतरावं लागतं. इटरेटर (एकामागून एक घटक देत जाणारं साधन) पानावर थांबून पुढे सरकतो, त्याला पुन्हा वर चढायची गरज नसते.

शोध मात्र जरा जपून. शोधायचा शब्द दोन पानांत विभागलेला असू शकतो. ठरावीक शब्द शोधायचा असेल, तर मागच्या तुकड्याचं शेपूट, शब्दाच्या लांबीपेक्षा एक बाइट कमी, जवळ ठेवून पुढच्या तुकड्याला जोडून बघा. रेजेक्सचं, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी पॅटर्नने शोधायचं, तसं नाही, कारण जुळणी किती लांब होईल ते आधी माहीत नसतं, आणि रस्टच्या नेहमीच्या रेजेक्स लायब्ररीला सलग मजकूरच लागतो. पॅटर्न एका ओळीपलीकडे जाणार नसेल, तर ओळीगणिक शोधा. जाणार असेल, तर तुकड्यांवर चालणारं रेजेक्स इंजिन घ्या.

पायरी ८: अनडू जवळजवळ आयतं मिळतं

माझ्या मते रोप निवडायचं सगळ्यात मोठं कारण हेच. बदल करताना वाटेवरचे नोड तेवढे नवे होतात, बाकीची पानं जुन्या आणि नव्या झाडांत सामाईक राहतात. म्हणून रोपीमधलं रोप क्लोन करायला, म्हणजे त्याची प्रत घ्यायला, मजकूर कितीही मोठा असला तरी सुरुवातीला फक्त ८ बाइट लागतात. पुढे एक बदल केलात, की एक पान आणि त्याच्या वरचे मोजके नोड एवढंच वेगळं होतं.

त्यामुळे अनडूसाठी प्रत्येक बदलाआधी एक क्लोन यादीत टाकला, तरी चालतं. उलट क्रिया लिहायच्या, त्या बरोबर आहेत का ते तपासायचं, हे काम उरत नाही. क्लोनसोबत कर्सरची जागा आणि निवड साठवायला विसरू नका. मजकूर मागे गेला आणि कर्सर पुढेच राहिला, तर अनडू अर्धवट वाटतं. प्रत्येक अक्षराला वेगळा टप्पा न करता, टाइपिंगमध्ये खंड पडला की एक टप्पा धरा.

फाइल सेव्ह करतानाही क्लोन कामाला येतो. क्लोन दुसऱ्या थ्रेडला द्या, तो चंक्स एकामागून एक लिहीत राहील आणि इकडे टाइपिंग चालू राहील. कुलूप लावायची गरज नाही, कारण त्याच्या हातातलं झाड कधीच बदलणार नाही. लिहायचं ते आधी तात्पुरत्या फाइलमध्ये, पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदलून मूळ फाइलच्या जागी. मध्येच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते.

पायरी ९: साध्या स्ट्रिंगला साक्षीला ठेवा

चाचणीसाठी एक साधी स्ट्रिंग आणि एक रोप, दोन्ही रिकाम्या सुरू करा. दोघांवर तेच यादृच्छिक बदल हजारो वेळा करा आणि प्रत्येक बदलानंतर मजकूर, लांबी आणि ओळींची संख्या जुळते का ते बघा. न जुळल्यास यादृच्छिक क्रम ज्या आकड्यावरून तयार झाला ते बीज (सीड) छापा, म्हणजे तीच चूक पुन्हा घडवता येईल. घालायच्या मजकुरात जोडाक्षरं, इमोजी, विंडोजची दोन खुणांची नवी ओळ आणि शेवटी नवीन ओळ नसलेला मजकूर हवाच. काही तुकडे एका पानापेक्षा लांब असू द्या, म्हणजे पानं फुटतील. काढायच्या पट्ट्यांमध्ये अधूनमधून संपूर्ण मजकूर येऊ द्या: झाड पूर्ण रिकामं होऊन पुन्हा भरू लागतं, तिथे घरी लिहिलेली रोपं हमखास मोडतात.